माझा भाडेकरू, आमचे जावई

मी माझ्या भाडेकरूचे पाय धुतले आहेत. पितळेच्या परातीत, कोमट पाण्याने, आणि नंतर नव्या टॉवेलने पुसूनसुद्धा दिले आहेत. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण चार लोक बसले आणि घर भाड्याने देण्याचा विषय निघाला, की आमची बायको माझ्याकडे बघत राहते, आणि मग सांगावंच लागतं.

मी समुद्रपूर तालुक्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. एसटीचा पास काढून तीन वर्षं वर्ध्याला जाणं-येणं केलं आणि बी.कॉम. झालो, दुसऱ्या श्रेणीत. (पहिली श्रेणी सहा मार्कांनी हुकली. हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.) आज वर्ध्यातच एका कॉलेजच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. गावचे लोक अजूनही अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात, आणि माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

राहायला आमचं स्वतःचं घर होतं. पण शेजारच्या टेबलावरचे एक साहेब निवृत्त झाले आणि जाता जाता म्हणाले, "पेन्शनवर अवलंबून राहू नका, एखादं घर घेऊन भाड्यानं टाका." झालं. बोरगाव मेघेत एक घर विकायला होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पोर्च, मागे बोअर. बँक कर्ज द्यायला तयार होती आणि हप्ता भाड्यातून परस्पर जाणार होता. मी कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारून सुंदर तक्ता तयार केला आणि कल्पनापुढे, म्हणजे बायकोपुढे, ठेवला.

तिने तो पाहिला. "अन भाडं नाही आलं त?"

"पक्कं ॲग्रीमेंट करणार ना मी."

"ॲग्रीमेंट तुम्ही करान जी. मागन कोण?"

या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता.

शेवटी ती तयार झाली, पण अटीवर. घरात जी काही शिल्लक होती ती आमच्या मुलीच्या पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी होती. "भाडं नाही आलं त हप्ता त्यातूनच जाईन," ती म्हणाली. "एक गेला, समजून घेईन. दोन गेले, गप्प बसन. तिसरा गेला की घर विकायचं. द्या लिहून." मी लिहून दिलं. खाली सही केली आणि सवयीने 'आपला विश्वासू' असंही लिहिलं. तो कागद तिने देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला होता. तेव्हापासून मला महिन्यात एकच तारीख दिसू लागली.

भाडेकरू मात्र पहिल्याच आठवड्यात मिळाला. राहुल नावाचा तरुण, बियाण्याच्या कंपनीत प्रतिनिधी, नवीनच लग्न झालेला. बोलायला नम्र, 'सर, सर' करणारा. मी ॲग्रीमेंट स्वतः तयार केलं. बावीस कलमं. भिंतीला खिळा ठोकण्याबद्दलच तीन कलमं होती.

एप्रिलअखेर ते राहायला यायच्या दिवशी आई गावाहून आली. नव्या घरात पहिल्यांदा सवाष्ण राहायला येते, तिची ओटी भरली पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं भर. कलमांत त्याला मनाई नव्हती.

राहुलने ॲडव्हान्स आणि पहिल्या महिन्याचं भाडं एका पांढऱ्या पाकिटात घालून आणलं होतं. ते त्याने खिडकीत ठेवलं आणि मी त्याला कलम अकरा समजावून सांगू लागलो. तेवढ्यात पलीकडे आईने त्याच्या बायकोला, प्रणालीला, पाटावर बसवलं आणि विचारलं, "माहेर कोणतं वं बाई तुहं?"

"आष्टीकडचं."

"आष्टीकडचं कोणतं?"

प्रणालीने गावाचं नाव सांगितलं. आईच्या हातातला नारळ हातातच राहिला. ते आईच्याच माहेरचं गाव.

"कोणाची तू?"

"नामदेवरावची."

"कोणता नामदेव? मारुतीच्या देवळामागचा?"

"हो."

"अवं माय! नामदेव मले राखीचा भाऊ. मंग तू त माही भाची झाली." आई माझ्याकडे वळली. "सुधाकर, तुही बहीण हाये रे हे. अन हे जवाईबापू!"

राहुल कलम अकरावर बोट ठेवून उभा होता. तो नुसताच हसला. मीही हसलो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही दोघे भाऊ, आईला मुलगी नाही. दिवाळीला, पोळ्याला, आखाडीला शेजारपाजारच्या लेकी-जावई यायचे आणि आई त्यांच्यासाठी पुरण वाटायला जायची. तिच्या स्वतःच्या घरी जावई म्हणून कुणी कधी उंबरा ओलांडला नव्हता. आज अचानक तिला तयार लेक आणि तयार जावई मिळाला होता, तोही माझ्या घरात, माझ्या ॲग्रीमेंटसकट.

मग आईने ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, सुपारी. आणि खिडकीतलं पांढरं पाकीट उचललं. "पाकीट बी ठेवलं का तुम्ही? बरं केलं," असं कौतुकाने म्हणत तिने तेही प्रणालीच्या पदरात टाकलं. तिला तो आम्ही ठेवलेला आहेर वाटला.

राहुलने माझ्याकडे पाहिलं. मी राहुलकडे पाहिलं. प्रणालीने दोघांकडे पाहिलं.

"सर, ते पाकीट..."

"असू द्या," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात याहून महाग दोन शब्द मी बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तो बिचारा तेच पाकीट घेऊन कार्यालयात आला. पण ओटीत पडलेलं परत घ्यायचं म्हणजे काय? आईला कळलं तर? मी (बी.कॉम.) म्हणालो, "राहू द्या, पुढच्या महिन्यापासून पाहू." तो "बरं दादा" म्हणून निघून गेला. सरचा दादा झालो तिथेच मला धोका दिसायला हवा होता.

मे महिन्याच्या पाच तारखेला पहिला हप्ता आमच्या शिल्लकेतून गेला. कल्पना म्हणाली, "एक."

त्याच संध्याकाळी मी निर्धार करून बोरगाव मेघेला गेलो. रस्त्याने वाक्य पाठ केलं: 'राहुल, व्यवहार व्यवहाराच्या जागी आणि नातं नात्याच्या जागी.' दारात पोचलो तर प्रणालीने तांब्याभर पन्हं आणलं. दादा आले म्हणून तिने शेवयाची खीर टाकली. राहुल दिवसभर उन्हात गावोगाव फिरून आलेला, बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होता. मी घसा साफ केला.

"राहुल, व्यवहार..."

तेवढ्यात आईचा फोन. "कुठी हायेस?"

"प्रणालीकडे."

"बरं झालं. जवाईबापूकडे कुलर हाये का रे? पाह्य त्या खोल्यांत."

मी पाहिलं. नव्हता.

"मंग ते कसे झोपत असतीन? पंखा त नुसती झळ फेकते. काही तरी कर बाप्पा. पहिल्याच उन्हाळ्यात जवायाची आबाळ झाली त माह्या माहेरी काय तोंड दाखवू मी?"

वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल. मी भाडं मागायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी ऑटोत घालून आमच्या बेडरूमचा कुलर त्यांच्याकडे पोचता केला. त्या रात्रीपासून आम्ही ओली चादर अंगावर घेऊन झोपू लागलो.  कल्पना नुसती देवघराकडे पाहायची.

मग आई तिथे जाऊ लागली. दर आठ-पंधरा दिवसांनी एसटीने यायची, आमच्याकडे पिशवी टाकायची आणि "लेकीले पाहून येतो" म्हणून निघायची. एकदा मी तिला सोडायला गेलो. प्रणालीने पाण्याचा पेला पुढे केला तर आईने पिशवीतून आपली बाटली काढली.

"राहू दे बाई. लेकीले लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं पाणी पीत नसतात."

मी तिथेच उभा होतो. जी बाई या घरचं पाणी पीत नाही, तिचा मुलगा या घरून भाडं कसं नेणार? ॲग्रीमेंटमध्ये बावीस कलमं होती, पाण्याच्या मोटरीवर चार होती, पण पाण्याच्या पेल्यावर एकही नव्हतं. बारावीपासून पुढे शिकलेलं सगळं मी मनातल्या मनात चाळून पाहिलं. कुठेच काही सापडलं नाही.

आणि त्या वर्षी, नेमकं त्याच वर्षी, अधिक महिना आला. भर उन्हाळ्यात. धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि तेहेतीस अनारसे वाढायचे, कपडे करायचे, मान द्यायचा. आईने आयुष्यभर हा महिना दुसऱ्यांच्या घरी साजरा होताना पाहिला होता. तिने अनारशाचं पीठ गावाहूनच भिजवून, वाळवून, कुटून आणलं.

"धोंड्याचं जेवण तुह्याच घरी करू, शहरात," ती म्हणाली. "पाच तारीख चांगली हाये."

"पाचच काऊन?" मी विचारलं.

"काऊन? पाच तारखेले काय हाये?"

कल्पना आतून म्हणाली, "काही नाही आई, चांगली तारीख हाये. ह्याइच्या लक्षात राहते."

पाच तारखेला राहुल नवीन इस्त्रीचा शर्ट घालून, कानापर्यंत लाल होऊन पाटावर बसला. आईचं म्हणणं, पाय मेहुण्याने धुवायचे. मेहुणा म्हणजे मी. परात आली, तांब्या आला. मी खाली बसलो. राहुलने पाय आखडून घेतले.

"दादा, राहू द्या ना जी. बरं नाही दिसत."

"टाका हो," मी म्हणालो. "आता काय राहिलं."

मी पाण्याची धार सोडली. त्याच क्षणी वरच्या खिशातला मोबाइल थरथरला. ओल्या हाताने काढून पाहायची गरज नव्हती. बँकेचा निरोप कसा थरथरतो ते मला कळू लागलं होतं. मी मान वर केली. कल्पना टॉवेल घेऊन उभी होती. तिने टॉवेल माझ्या हातात दिला आणि कानाजवळ वाकून फक्त म्हणाली, "दोन."

मी पाय पुसले. आई बाजूला उभी राहून पदराने डोळे पुसत होती. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो पाहून मला बोलायची सोयच राहिली नाही. राहुलने तेहेतीसपैकी अकरा अनारसे तिथे खाल्ले आणि बावीस डब्यात नेले. वर पँट-शर्टचं कापड, आणि प्रणालीला साडी. ॲग्रीमेंटमध्ये भाडं आगाऊ घेण्याचं कलम होतं. धोंडा आगाऊ देण्याचं कुठे होतं?

त्यानंतर माझी झोप गेली. जेवण जाईना. कार्यालयात एका मुलीच्या दाखल्यावर मी 'नाव' या जागी 'पाच' लिहिलं. तिसऱ्या हप्त्याला चार आठवडे होते, मग तीन, मग दोन. घर विकावं लागणार, नुकसानीत विकावं लागणार, आणि लोक विचारणार की एवढा शिकलेला माणूस, घर घेऊन तीन महिन्यांत का विकलं? तर काय सांगू? जावयासाठी?

जूनअखेर राहुल कार्यालयात आला. त्याचाही चेहरा उतरलेला होता. कुलर बिघडला असेल म्हणून मी मनाची तयारी केली.

"दादा, मी घर सोडून राह्यलो," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवला. "काऊन?"

"लोक घरजवाई म्हणून राह्यले मले. पहिले बाजूचे काका म्हणत होते. आता दूधवाला बी म्हणते. परवा पाण्याची वर्गणी मागायले गल्लीतले लोक आले. एक म्हणे ह्याइले काय मागता, हे घरजवाई हायेत, साळ्याकडून घ्या." त्याने माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकवले. "माह्या बापाले समजलं त तो मले घरात नाई घ्यायचा. मले पगार हाये दादा. मी भाडं देऊ शकतो."

"मग द्या ना," मी जवळजवळ ओरडलोच. हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं.

"प्रणाली देऊ देत नाही. म्हणते, आत्या आपल्या घरचं पाणी पीत नाही अन तिच्या पोराच्या हातावर आपण पैसे ठेवायचे का? आत्याले काय वाटन? मी म्हटलं, मंग सोडू घर. दुसरीकडे खोली पाहून ठेवली हाये मी."

म्हणजे एकाच पेल्याला दोन्ही घरं घाबरून बसली होती. आणि आता भाडं तर नव्हतंच, भाडेकरूही चालला होता. मी त्याला हात जोडले. "चार दिवस थांबा. मी आईशी बोलतो."

तीन जुलैला रजा टाकून मी सकाळच्या बसने गावाला निघालो. बसमध्ये भाषण तयार केलं. आधी कायदा, मग व्यवहार, मग पोरीची ॲडमिशन, आणि तरीही आई रडली तर लगेच माघार. समुद्रपूरला उतरून, पुढे टेम्पोने गाव गाठलं. आई घरी नव्हती, वावरात कपाशीचं निंदण चालू होतं. मी पायातले बूट हातात घेऊन, चिखल तुडवत बांधावर पोचलो.

"काऊन आला रे? सारं बरं हाये ना?"

"आई, एक बोलायचं होतं."

"बोल ना."

"इथे?"

"मंग कुठी? कपाशीले ऐकू येत नाही."

कपाशीला येत नव्हतं, पण निंदणाऱ्या बायांना येत होतं. त्यांनी विळे थांबवले. मी बांधावर उभा राहून भाषण केलं. कायदा सांगितला. व्यवहार सांगितला. हप्ते सांगितले, पोरीची ॲडमिशन सांगितली. घर विकायचं लिहून दिलं आहे तेही सांगितलं. नातं तुटणार नाही, आम्ही प्रणालीला बहीणच मानू, पण भाडं घेण्याची परवानगी दे, असंही म्हणालो.

आईने विळ्याला लागलेला चिखल बोटाने पुसला. मी माघारीची तयारी केली.

"म्हणजे," ती म्हणाली, "दोन महिन्यांपासून तू भाडं घेतलंच नाई?"

"कसं घेऊ आई? जावई ना ते."

"त?"

"तू त्यांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीस."

"मी पाणी पीत नाई, ते माहं. घर काय मी भाड्यानं देलं का? तू देलं." तिने विळा खाली ठेवला. "अरे, नाल्याकाठचं आपलं वावर बारा वर्ष तुह्या आत्याच्या नवऱ्याकडे मक्त्यानं होतं. या घरचे सख्खे जवाई. दर गुढीपाडव्याले मक्त्याचे पैसे आणून तुह्या बाबाच्या हातावर ठेवत होते. अन धोंडा आला की तुहा बाबा त्याइचे पाय धूत होता. कोणाले काही वाटलं नाई. सोयरीक सोयरीक हाये, वावर वावर हाये."

"मला कसं माहीत नाही हे?"

"तू कॉलेजात होता ना तवा, अन मंग नोकरीत."

बायांमध्ये कुणीतरी हसू दाबलं. दुसरीने नाही दाबलं.

"मग तू मला आधी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"मले काय माहीत तू घेत नाई म्हून? मले वाटलं, तुम्ही शिकलेले लोक, मोबाइलातून घेत असान. हातावर ठेवताना दिसलं नाई, त मी म्हटलं मोबाइलात गेलं असन." तिने कमरेचा फोन काढला आणि तिथूनच प्रणालीला लावला. "हव, आत्या बोलून राह्यली. बाई, भाडं देऊन टाकजो वं. घर काई सोडू नका. सुधाकर लाजते मागायले. लहानपणापासून तसाच हाये. हव. अन कुलर ठेवून घेजो, तो वापस नको देऊ."

"आई, मागच्या दोन महिन्यांचं?" मी हळूच विचारलं.

"ते धोंड्यात गेलं समज," ती म्हणाली आणि पुन्हा निंदायला बसली.

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा कल्पना दारातच उभी होती. बसमध्ये मी बराच विचार केला होता. झालं ते झालं, पण घरात माझंही काही स्थान आहे. मी बूट काढले, पाणी मागितलं, ते सावकाश प्यायलो.

"काय म्हणाल्या आई?"

"सोपं नव्हतं," मी म्हणालो. "जुन्या वळणाची माणसं. सुरुवातीला तर ऐकूनच घेईना. मग मी कायदा समजावला, व्यवहार समजावला, दोन तास लागले. शेवटी पटलं तिला. परवा हप्त्याच्या आधी भाडं जमा होईल, काळजी करू नको."

"झालं जमा," कल्पना म्हणाली. "दुपारीच. माह्या खात्यात."

"तुझ्या?"

"आईंनी मागून फोन करून तसंच सांगितलं प्रणालीले. मले बी फोन केला, तुम्ही बसमध्ये होते तवा. म्हणे, सुधाकर घरी येऊन मोठमोठं काहीतरी सांगन, मधात बोलू नको, पूर्ण ऐकून घेजो."

तिने खुर्ची ओढली, पदर खोचला आणि माझ्यासमोर नीट मांडी घालून बसली.

"हं, सांगा जी. कायद्याचं काय म्हणत होते?"